खोळ घातलेली खुर्ची

माझ्या मोठ्या जाऊबाईंना चुरगळलेलं काही बघवत नाही. समोर माणूस आला की त्या आधी त्याची कॉलर बघतात, मग तोंड. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, "थांब, मागून बाही मुडपलीय." तेव्हापासून आमचं सूत जमलं ते जमलंच. भांडतोही तेवढंच.

त्या छावणीच्या धुलाईखोलीत इस्त्री करतात. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणून मला ऐकवायचं, हा त्यांचा शिरस्ता. मोठे दीर आजारपणात लवकर गेले. राहिला एकुलता एक लेक, आणि तोही मोठा होऊन सैन्यातच गेला. त्याने पहिल्यांदा गणवेश चढवला त्या दिवशी जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "चला, घरीसुद्धा इस्त्रीचं काम वाढलं." मग न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ रडल्या. नळाच्या आवाजात रडणं लपतं अशी त्यांची समजूत आहे. मी कधी ती मोडली नाही.

दरवर्षी शहीद सैनिकांचा स्मृतिदिन छावणीच्या मैदानावर होतो. सगळ्यांसाठी साध्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. फक्त पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घालतात, कारण तिथे ज्यांच्या घरचं माणूस परत आलं नाही ते बसतात. त्या खोळींना खळ घालून इस्त्री करायचं काम जाऊबाई दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. एरवी इस्त्री फिरवताना त्यांची टकळी चालू असते. त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप.

यंदा कुलूप जरा आधीच लागलं होतं. लेक सीमेवरच्या एका उंच ठाण्यावर होता. शेवटचा फोन आला तेव्हा त्याने लोकरीचे मोजे मागितले, आणि त्यानंतर त्याचा फोनच लागेना. "हवामान खराब असेल," मी म्हणायचे. "असेल की," त्या म्हणायच्या, आणि पूर्ण भरलेला फोन पुन्हा चार्जिंगला लावायच्या. मोजे विणून तयार होते. ते पाठवायचं काही त्यांच्याकडून होत नव्हतं.

स्मृतिदिनाला आम्ही दोघी नेहमीसारख्या मागे बसलो. मौन सुरू व्हायला थोडाच अवकाश होता. सगळ्यांनी फोन बंद केले होते. तेवढ्यात एक जवान रांगा शोधत आला आणि जाऊबाईंपुढे वाकून हळूच म्हणाला, "काकू, तुमची जागा पुढे आहे. चला."

बस, एवढंच. पुढे म्हणजे खोळींच्या खुर्च्यांत. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा कोरा मी कधी पाहिला नव्हता, दीर गेले तेव्हाही नाही. त्या काही न विचारता उठल्या. मी हात धरायला गेले, पण त्या पुढे निघाल्यासुद्धा. जवानाने त्यांना पुढच्या रांगेत खोळ घातलेल्या एका खुर्चीपाशी नेलं. त्या बसल्या आणि बिगुल वाजला.

मौनात कुणाला काय विचारणार? सगळं मैदान मान खाली घालून उभं. मला माणसांच्या फटीतून त्यांची फक्त पाठ दिसत होती. बाकीचे उभे राहिले तरी त्यांना उठता आलं नाही. त्यांच्या दोन्ही मुठींत खोळीचं कापड होतं, आदल्या दिवशी त्यांनीच इस्त्री केलेलं. मी मनात त्या पोराला हाका मारत होते. लहानपणी तो जेवायला यायचा नाही तेव्हा मारायचे, तशा. देशासाठी वगैरे माझ्या मनात त्या वेळी काहीही नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मौन संपलं, बँड सुरू झाला आणि मी सगळं सोडून पुढे धावले.

जाऊबाईंच्या शेजारी शाळेतल्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा फार वर्षांपूर्वी लढाईत गेला. बाई दरवर्षी त्याच जागी बसतात, शेजारी त्यांचे यजमान.

"बरं झालं आलीस," बाई जाऊबाईंना म्हणत होत्या. "यांना ताप आलाय, म्हणून मी एकटीच आले. मघापासून गरगरतंय. म्हटलं, आपली ओळखीची कुणी शेजारी असावी, म्हणून त्या जवानाला पाठवलं."

जाऊबाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलावलंत? तुम्ही?"

"मग कोण बोलावणार?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आधी त्यांनी जाऊबाईंच्या मुठी पाहिल्या, मग खुर्ची. त्यांचा चेहरा पडला.

"तुझा लेक वर आहे, नाही का," त्या म्हणाल्या. मग वर्गातल्या आवाजात त्यांनी मंचाजवळ उभ्या असलेल्या छावणीच्या मोठ्या साहेबांनाच हाक मारली. "इकडे या. हिच्या लेकाची काय खबर आहे ते आत्ता सांगा."

साहेब लगबगीने आले. "अहो, सकाळीच वायरलेसवर बोलणं झालं. बर्फात फोनचा टॉवर आडवा झालाय, म्हणून फोन नाहीत. माणसं सगळी धडधाकट आहेत. मोजे मागतायत."

मी तिथेच गवतावर बसले. हसू आणि रडू एकदमच आलं. त्या जवानाला मी नंतर गाठून धुतलं, इस्त्रीसुद्धा केली. "बाईंनी बोलावलंय एवढं एक वाक्य बोलायला तुला काय झालं होतं?" तो बिचारा कान धरून उभा राहिला.

पण ते नंतर. आधी जाऊबाईंनी मुठी सोडल्या. खोळीचा पार बोळा झाला होता. त्या सवयीने ती तळहाताने सारखी करायला लागल्या. आपला जीव भांड्यात पडला तो नेमका बाईंच्या शेजारी, याची लाज त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"राहू दे ती खोळ," बाई म्हणाल्या. "ऊठ आता. या रांगेतून सुटून गेलेलं आजवर मी कुणी पाहिलं नाही. मला एकदा बघू दे."

जाऊबाई उठल्या. माझा हात न धरता त्या पार आमच्या मागच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. बाई मान वळवून शेवटपर्यंत बघत होत्या.

पुष्पचक्रं वाहायची अजून बाकी होती. जाऊबाईंनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली, पुढे आणून बाईंच्या अगदी शेजारी मांडली, आणि तिच्यावर बसून त्यांचा हात हातात घेतला.