हात कानाला लागतो का

लातूर जिल्हा नवा होता. आमच्या शिक्षण विभागाला भाड्याच्या तीन खोल्या मिळाल्या होत्या, पण कागद जुन्या जिल्ह्याचेच होते. माथ्यावरचे नाव पेनाने खोडायचे, खाली ‘लातूर’ लिहायचे आणि मग पत्र काढायचे. मी विस्तार अधिकारी होतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की गावोगाव फिरून पहिलीत किती मुले आली ते पाहायचे, हे माझे काम. त्याआधी नांदेडच्या एका दैनिकात मी तीन वर्षे बातमीदार होतो. तिथली एक सवय सुटली नव्हती. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मी काही कागदावर आणत नसे.

रेणापूरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत मी सलग दुसऱ्या वर्षी गेलो. वर्ष दुष्काळाचे होते. शाळेसमोर, पाराजवळ एक ट्रक उभा होता. रस्त्याच्या कामावर निघालेली माणसे त्यात गाठोडी चढवत होती. शाळेच्या दारात हेडमास्तर, गावातली एक बाई आणि तिची लहानखुरी मुलगी अशी तिघे उभी होती. मुलीचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे ताणलेला होता. बोटे कानाच्या वर दोन इंचांवर थांबली होती. चेहरा लालबुंद झाला होता.

“नमस्कार साहेब,” हेडमास्तर म्हणाले. “हिचा हात लागत न्हाई.”

जन्माचा दाखला फारसा कुणाकडे नसे. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, म्हणजे मूल सहा वर्षांचे झाले, असे धरून नाव घालत.

“साहेब,” बाई म्हणाली, “ट्रक बाराला निघतोय. नाव लागलं तर ही चुलतीपाशी राहील, शाळा शिकंल. न्हाई लागलं तर चालली आमच्यासंगं, धाकट्याला सांभाळायला. मागल्या साली बी हेच झालं.”

“ह्या कानाला लागंना,” मुलगी म्हणाली. “त्या हातानं त्या कानाला लावून बघू का?”

तिने डावा हात वर नेला. तोही तेवढाच अपुरा होता. मग तिने मान इतकी वाकडी केली की कान स्वतःच बोटांकडे आला. हेडमास्तरांनी मान सरळ केली.

“घ्या हो गुरुजी, इंचा-दोन इंचाचा प्रश्न आहे,” मी म्हणालो.

हेडमास्तर आत गेले आणि शेरेबुक घेऊन आले. भेटीला आलेला अधिकारी त्यात आपले मत लिहून सही करतो. त्यांनी मागच्या जूनचे पान उघडले आणि मोठ्याने वाचले: “‘सहा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांची नावे पट वाढवण्यासाठी घेऊ नयेत. हात कानाला लागतो की नाही हे कसोशीने पाहावे.’ सही आपलीच हाय, साहेब.”

सही माझीच होती.

एवढ्यात सरपंच आले. चांगले भारदस्त गृहस्थ, डोक्याला फेटा. काय चालले आहे ते ऐकून ते हसले. “कान धरता येईना व्हय? हे बघ, असा धरायचा.” त्यांनी हात वर नेला. तो फेट्यावर अडला.

“फेट्यासकट चालत न्हाई,” मुलगी म्हणाली.

सरपंचांनी फेटा काढून बाईच्या हातात दिला. दुसऱ्यांदा हात नेला. दंड गालाला टेकला, बोटे भुवईपर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी दम घेतला आणि तिसऱ्यांदा नेला. ट्रकमधली माणसे खाली उतरून आली होती.

“सरपंच, पुढल्या साली या!” कुणीतरी ओरडले.

“आईला घेऊन या येताना!”

त्यानंतर पाच मिनिटे पाराजवळचा प्रत्येक माणूस एक हात डोक्यावरून टाकून उभा होता. ट्रकच्या ड्रायव्हरचा लागला. गिरणीवाल्याचा लागला नाही. तो म्हणाला, माझे कानच मागे आहेत. एका म्हाताऱ्याचा दोन्ही बाजूंनी लागला आणि त्याने ते चारचौघांना दोनदा करून दाखवले. हेडमास्तरांनी पाठ फिरवून स्वतःचा पाहिला. मीही पाहिला, बगलेत फाइल धरून. लागला, पण मान किंचित कलली होती. मुलीने ते बरोबर टिपले आणि ती माझ्याकडे पाहत राहिली.

“जन्म केव्हाचा?” मी बाईला विचारले.

“हापशाला पाणी लागलं त्या दिवशीचा.”

“तारीख?”

“तारीख मला काय ठावं? तिथं लिवलेली हाय की, हापशाच्या ओट्यावर. सिमिट ओलं होतं तवा मिस्तरीनं काडीनं लिवलीया.”

मी निघालो. माझ्यामागे मुलगी, बाई, शेरेबुकासह हेडमास्तर, बोडक्या डोक्याचे सरपंच आणि निम्मा ट्रक. गावात पाण्यासाठी तो एकच हापसा उरला होता. ओट्यापासून रस्त्यापर्यंत घागरींची रांग होती, बायका सावलीला बसल्या होत्या. हापशाला आठ-दहा दणके दिले की एक तांब्या येत होता. तारीख ओट्याच्या कडेला होती आणि तिच्यावर बरोबर एक घागर बसली होती.

“घागर उचला जरा,” मी म्हणालो.

घागरीची मालकीण उठली. “काय चाललंय साहेब? पहाटपासून नंबर लावलाय. घागर उचलली की नंबर गेला.”

“शाळेचं काम आहे.”

“शाळा उद्या बी हाय. माझं पाणी आज हाय.”

रांगेतल्या बाकीच्या बायकांनी तिला दुजोरा दिला. सरपंचांनी आवाज चढवला, पण फेट्याविना त्यांचे कुणी ऐकेना. शेवटी मीच विचारले, घागरीच्या जागी मी उभा राहिलो तर? घागरीच्या मालकिणीने मला खालीवर पाहिले.

“पर हलायचं न्हाई.”

तिने घागर कडेवर घेतली आणि मी तारखेच्या बाजूला पाय ठेवून रांगेत उभा राहिलो, पुढे एक कळशी, मागे तेलाचा डबा. तारखेवर शेवाळ होते. मुलीने बसून परकराच्या टोकाने ते घासले. दिवस निघाला, महिना निघाला. सालाचा शेवटचा आकडा निघेना, तेव्हा हेडमास्तरांनी गुडघे टेकले आणि नखाने माती काढली.

“आला,” ते म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. एकदा मोजले. पुन्हा मोजले. “साहेब, सात वर्षं आणि वर चार महिने होतात.”

मला दुसरी खात्री हवी होती. “सुईण कोण होती?”

“मी,” सावलीतून एक म्हातारी बोलली. “हाव, त्याच दिवशी. पाणी लागलं म्हणून समदं गाव हितं बघाया आलं. म्या बी आले. मागं ही एकटी बोंबलत व्हती घरात. मी जाऊस्तोवर पोरगी निम्मी भाईर!”

“आन तू पाणी बघत बसली!” मुलीची आई म्हणाली.

“पाणी रोज लागतंय व्हय? पोरं तर रोजच व्हतेत.”

रांगेत हशा पिकला. मला हलता येत नव्हते, म्हणून मी जागेवरच हसलो. ओटा पाणी लागल्यानंतर बांधतात. म्हणजे मुलगी त्या तारखेपेक्षा चार दिवसांनी मोठीच असेल, लहान नाही. तिचे नाव मागच्या जूनमध्येच लागायला हवे होते. ते लागले नाही, याला हेडमास्तर जबाबदार नव्हते. मी हे त्यांना तिथेच, सर्वांसमोर सांगितले. ते म्हणाले, “लिहून द्या साहेब.” मी रांगेत उभ्या उभ्याच शेरेबुकात लिहून दिले. खाली सुईणीचा आणि साक्षीला घागरीच्या बाईचाही अंगठा घेतला. ती म्हणाली, कशाचा का असेना, पर नंबर माझाच.

बाराला पाच मिनिटे कमी असताना सगळे शाळेत परतलो. मुलीचे नाव पटावर शेवटी चढले. हेडमास्तरांनी हजेरी सुरू केली. पहिले नाव पुकारले.

“हजर!” मुलगी ओरडली.

“तुझं न्हाई गं.”

दुसरे नाव. “हजर!” तिसरे. “हजर!” चौथ्या नावाला ज्याचे नाव होते तो आणि ती दोघेही ओरडले. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. हेडमास्तरांचा आवाज हसण्याने फाटत होता, पण त्यांनी एकही नाव वगळले नाही. पटाच्या तळाशी आले, चष्मा सारखा केला आणि तिचे नाव पुकारले.

“हजर!” अख्खा वर्ग ओरडला.

ती ताडकन उभी राहिली. “माझं मलाच म्हणू द्या की!”

हेडमास्तरांनी पुन्हा पुकारले. वर्ग गप्प झाला. तिने सावकाश सगळ्यांकडे पाहिले, आणि मग म्हणाली.

तिची आई तोवर खिडकीशी उभी होती. ते ऐकले आणि पदर खोचून ती निघालेल्या ट्रकमागे पळाली.