मर्लबाईंचा वाराटा आणि गावाचं कोंबडखत

मर्ल ट्रेम्बाथबाईंना किळस येत नाही अशी वस्तू बंगरी गावात शोधू गेलं तर माणूस थेट वेशीबाहेरच्या बटाट्याच्या शेतांत पोचायचा, आणि बटाट्यांविषयीही बाईंचं मत काही फारसं बरं नव्हतं. गुलाबांची तर त्यांना शिसारीच होती. औषधं मारा, खतं घाला, छाटा, आणि शेवटी पदरात काय, तर माव्याची कीड. शेजारच्या कॅमेलियाच्या झाडाची फुलं फांदीवरच तपकिरी होऊन कुजायची, म्हणून त्या बाजूची खिडकी बाईंनी कायमची बंद करून टाकली होती.

गावच्या शाळेच्या त्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. नातवंडं झालेले बाप्ये अजूनही त्यांना पाहून सिगरेट पाठीमागे लपवत आणि स्वतःचीच चड्डी जाळून घेत.

बाईंचा जीव होता तो इथल्याच मातीत जन्मलेल्या झुडपांवर. खरखरीत पानांचा बँक्सिया, ऐन हिवाळ्यात कोळ्याच्या पायांसारखी वाकडी फुलं काढणारा ग्रेव्हिलिया, आणि सगळ्यांत लाडका, लाल फुलाचा वाराटा. गावाला ती बाग म्हणजे साफ करायचं राहून गेलेलं रान वाटे. आमच्या पणजोबांनी जे कुऱ्हाडीनं हटवलं ते बाई रोपवाटिकेतून परत घेऊन येतात, असं लोक म्हणत. अर्थात बाई लांब गेल्यावर.

वाराटा त्यांनी बियांपासून वाढवला होता. बंगरीची थंडी म्हणजे सकाळी गवतावर पाय ठेवला की काचा मोडल्यासारखं वाजतं. त्या थंडीत पोर जगवावं तसं जुन्या चादरी पांघरून हे झाड जगवलेलं. इतकी वर्षं फूल म्हणून नाही. या वर्षी पानगळीच्या दिवसांत शेंड्याला अंगठ्याएवढी कळी धरली, आणि त्याच आठवड्यात बाई मागच्या पायरीवरून घसरून कंबरेचं हाड मोडून बसल्या.

बॅलरॅट शहरातल्या इस्पितळात त्यांनी तिथल्या जेलीचा, पडद्यांच्या रंगाचा आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घोरण्याचा यथेच्छ तिटकारा केला. मनात मात्र एकच घोर होता: कळी टिकेल ना?

इकडे गावाला दया आली. बाई म्हातारपणी आजारी, बाग उघड्यावर. मग गावानं इर्जिक घातली. असल्या कामाला इथे कोणी नाही म्हणत नाही. प्रत्येकानं अवजार आणायचं, घरून काहीतरी खायला करून आणायचं आणि दुपारपर्यंत दुसऱ्याच्या घराचं भलं करून मोकळं व्हायचं. पुढारी होता रसेल हॅनिगन, बाईंचा जुना विद्यार्थी. बटाटे लावणं सोडून आता कोंबड्या पाळणारा.

बाईंना घेऊन मोटार गल्लीत वळली तेव्हा आधी वास आला. काचा बंद असताना आला. फाटकात सगळे हातात ताटं घेऊन रांगेत उभे, चेहऱ्यांवर बक्षीस समारंभाचं हसू. बाई काठी टेकत उतरल्या. ग्रेव्हिलियांची हजामत करून चेंडू बनवले होते. फुलं सगळी कचऱ्यात. पालापाचोळा झाडून जमीन नुकत्या केलेल्या दाढीसारखी स्वच्छ. आणि प्रत्येक झुडपाच्या बुंध्याशी ओला, काळा, वाफाळता ढीग. वाराट्याचा ढीग सगळ्यांत मोठा. कळी शाबूत होती.

"रसेल, हे काय आहे?"

"कोंबडखत, बाई. घरच्या कोंबड्यांचं. अगदी ताजं."

"या झाडालाही?"

"याला दुप्पट घातलं, बाई. फार अशक्त दिसत होतं बिचारं."

बाईंनी डोळे मिटले. मग वर्गात सांगत त्याच आवाजात सांगितलं, की ही झुडपं उपाशी मातीतली. त्यांची मुळं कणाकणानं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, गोळा करायला शिकलेली, आणि कोंबडखतातून आयतं मिळालं की थांबायचं त्यांना कळत नाही. जन्मभर पेजेवर राहिलेल्याला एका बैठकीत वीस पुरणपोळ्या चारल्यासारखं होतं, मरतात. पाऊस पडला की हे सगळं मुळांत उतरणार. सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ भरलेलं होतं.

"आम्ही प्रेमानं केलं हो, बाई," ग्लेनिस म्हणाली. ती शेजारीण, कॅमेलिया तिचीच.

"प्रेमानं घातलं म्हणून विष गोड होतं का, ग्लेनिस? ताटं ठेवा खाली."

रसेल फावडं घ्यायला धावला. बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. वाराट्याची मुळं अगदी वर असतात, फावड्यानं कापली जातील.

"हातांनी," बाई म्हणाल्या.

मग बंगरी गाव रविवारच्या कपड्यांत गुडघ्यांवर बसलं आणि ओंजळीओंजळीनं आपलं प्रेम परत उपसू लागलं. नखांत गेलं, बाह्यांत गेलं, बेकरीवाल्याच्या मिशीला लागलं. आयुष्यभर बाईंना जे वाटत आलं होतं ते आज पहिल्यांदाच सगळ्यांना एकदम वाटत होतं. रसेलचा एक गुडघा निकामी. तरी पावसाचे थेंब सुरू झाल्यावर शेवटपर्यंत तोच वाराट्यापाशी उरला. अंड्याची सँडविचं कोणी खाल्ली नाहीत.

बँक्सिया गेला. आधी पिवळा, मग तपकिरी, मग नुसता काटूक. वाराट्याच्या पानांच्या कडाही जळल्या. बाई रोज सकाळी काठीवर वाकून कळीकडे पाहत, आणि चहा न पिताच आत येऊन बसत. वसंत लागला आणि एका सकाळी कळी उमलली. मुठीएवढं लालबुंद फूल, जळक्या पानांवर.

दुपारपर्यंत गावभर झालं, की कोंबडखत लागू पडलं. मद्यालयात रसेल शपथेवर सांगत होता, थोडंसं आत राहिलंच असणार, एरवी इतक्या वर्षांत कधी फुललं होतं का? पुढल्या वर्षी दुप्पट घालू. हे बाईंना ग्लेनिसनंच येऊन सांगितलं. कोरडा शास्त्रीय पुरावा म्हणून मेलेला बँक्सिया कुंपणापाशी उभा होता. त्याच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं.

संध्याकाळी बाईंनी कात्री काढली. वाराट्याचं फूल लांब दांड्यासकट कापावंच लागतं, तरच खालून नवे फुटवे येतात. पण हे पहिलं फूल कापण्याआधी त्यांनी दांडा दोनदा मोजला. मग ते फूल घेऊन त्या रसेलच्या दारात गेल्या. रसेल लंगडत आला.

"गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच, बाई."

"हे धर. पाण्यात ठेव. नुसत्या पाण्यात."

रसेलनं शाळकरी पोरासारखी मान हलवली आणि फूल दोन्ही हातांत धरून आत नेलं. बाई पायऱ्या उतरून अर्ध्या वाटेत पोचल्या नाहीत, तोच स्वयंपाकघरातून साखरेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

बाई थांबल्या. काठी वळवली, आणि पुन्हा पायऱ्या चढू लागल्या.