खिशातलं हलकं वजन

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर दर रविवारी एक म्हातारा अमेरिकन माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा. त्याच्या रायफलमध्ये दर तिसरी-चौथी गोळी अडकायची. शेंगा निवडाव्यात तशी तो ती शांतपणे काढून टोपीत ठेवायचा.

एकदा मी न राहवून कारण विचारलं.

“आतलं धक्का झेलणारं बफरचं वजन जड आहे. गोळी आत ढकलणारा बोल्ट पुरता मागे जातच नाही.” त्याने खिशातून हलकं वजन काढून दाखवलं. हाताळून हाताळून ते गुळगुळीत झालं होतं.

“मग बदला ना!”

“मुलगा बदलणार आहे. येतो म्हणालाय.”

नागपूरला बाबांची स्कूटर वर्षभर बंद आहे. “गॅरेजमध्ये टाका ना,” म्हणून मी फोनवर चिडतो.

“तू आलास की बघू,” म्हणतात.

बाबांनी जन्मभर अख्ख्या मोहल्ल्याच्या स्कूटर दुरुस्त केल्यात.