आत्याची दुपारची झोप

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी रेशनकार्डाच्या अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही बाबांनी दुसऱ्याकडून भरून घेतला होता. त्यामुळे एका माणसावर पानंच्या पानं लिहिणं मला जरा आगाऊपणाचं वाटतं. त्यातून जिच्यावर लिहितो आहे तिला वाचता येत नाही, म्हणजे माझ्या चुका पकडायलाही कुणी नाही. पण मराठीच्या सरांनी वार्षिक अंकासाठी 'ओळखीच्या माणसावर लिही' म्हटल्यावर मला दुसरं कुणी सुचेना. म्हणून भीतभीत लिहितो.

आमच्या कामतघरच्या चाळीतल्या आत्याएवढं भरलेलं डोकं अख्ख्या भिवंडीत दुसरं नसेल. शेजारच्या पूर्णा गावाच्या रस्त्यावर आता एकाला लागून एक गोदामं उभी राहिली आहेत, पण माझ्या मते भिवंडीतलं पहिलं गोदाम म्हणजे आत्याचं डोकं. चाळीतल्या बारा खोल्यांचा माल तिथे पडलेला असायचा. ती नेमकी कुणाची आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जिन्याजवळच्या शेवटच्या खोलीत एकटी राहायची आणि गल्लीच्या टोकाच्या लूमच्या कारखान्यात कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायची. लिहिता येत नसल्यामुळे लक्षात ठेवायच्या प्रत्येक गोष्टीसाठी ती पदराला एक गाठ मारी. दोन नंबरच्या वहिनीच्या पोराचा डोस, एक गाठ. त्याच वहिनीचं पूर्ण्याच्या बहिणीशी तीन वर्षं चाललेलं भांडण, आणखी एक गाठ. एका शिमग्याला पदर गाठींनी इतका आखूड झाला की डोक्यावरून घेतला तर कानापर्यंतच पोचेना.

लोकांनाही सवय लागली होती. आपण विचार करण्याऐवजी तो आत्याकडे ठेवून द्यायचा आणि मोकळं व्हायचं. सात नंबरला उत्तर प्रदेशातले एक चाचा राहत, तिच्याच कारखान्यात लूम चालवत. बायकोला इकडे आणायचं की आपण कायमचं गावी जायचं, हा त्यांचा प्रश्न चार वर्षं आत्याकडे मुक्कामाला होता. अधूनमधून ते जिन्यात थांबून विचारत, "आत्या, वो मेरी सोच कहाँ तक आई?" आणि आत्या गंभीरपणे सांगे, "चालू हाय. बारिश के बाद देखेंगे."

कारखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आत्या कुजबुजली तरी तीन खोल्यांना ऐकू जाई. म्हणून गुप्त गोष्टी ती नुसते ओठ हलवून बोले. लूमच्या खडखडाटात बायका अशाच बोलतात. माझी गुप्त गोष्टही अशीच दहा महिने ओठांवर होती. पहिल्या वर्षाला मला दोन विषयांत केटी लागली होती, इंग्रजी आणि अर्थशास्त्र. केटी म्हणजे नापास विषय मागे टाकून पुढच्या वर्गात जायचं, पण ते पुन्हा सोडवेपर्यंत सुटका नाही. घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजात गेलेलं, बाबा भेटेल त्याला सांगत, "पोरगा शिकतो." त्यांना सांगायला माझी जीभ उचलेना. मी आत्याला गुणपत्रिका दाखवून सांगितलं आणि कुणाला न सांगायची शपथ घातली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती गॅलरीच्या त्या टोकावरून ओठांनी विचारी, 'झाला का अभ्यास?' मी मान हलवी. तिचं समाधान होई, पण काळजी तिच्याकडेच राही. मला ते फार सोयीचं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

फाल्गुनात एक दिवस आत्याला मशीनवर चक्कर आली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बीपी वाढल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रोज दुपारी दोन तास आडवं व्हायचं. डोक्यात काही ठेवायचं नाही. नाहीतर पुढच्या वेळी चक्करेवर भागणार नाही." दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. आत्याने मालकाला सांगून दुपारचं काम सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी दोनच्या ठोक्याला, पहिल्या शिफ्टला निघावं तशी तयार होऊन, दारात उभी राहिली आणि सगळ्या चाळीला म्हणाली, "ऐका गो. आता मी आराम करनार हाय. कोनी मना हाक मारू नका." आणि आत जाऊन चटईवर पडली. पाचच मिनिटांनी आतून आवाज आला, "नल चालू राह्यला गो कुनाचा!" मग थोड्या वेळाने, "चार नंबर, दूध चाललंय ऊतू!" दूध खरंच ऊतू चाललं होतं. भिंतीपलीकडून तिला ते कसं कळलं हे चार नंबरवाल्यांना अजून कळलेलं नाही. त्यातच दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. पंखा बंद, लूम बंद. आमच्याकडे लूमची खडखड थांबली की तान्ही पोरं दचकून रडतात, इतकी आम्हाला आवाजाची सवय. त्या शांततेत आत्याच्या डोक्यातलं सगळं उठून बसलं. चार वाजता ती बाहेर आली ती घामाने भिजलेली, दमलेली. म्हणाली, "कांडी भरायला बरी बाबा. निजायचं काम लई जड हाय."

पण हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं की दुखणं आरामाचं नाही, मालाचं आहे. गोदाम भरलेलं असताना तिथे झोपायचं कुठे? पाडव्याच्या आधी घर झाडून काढतात तसं डोकं झाडून काढायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं.

पहिल्या दिवशी ती दोन नंबरला गेली. पदराची गाठ सोडली आणि म्हणाली, "हा घे. तुजा न तुज्या बहिनीचा भांडन. तीन वर्सं ठिवला. आता तू बघ." वहिनी घाबरली, मग रडली, मग तिने आत्याला चहा दिला, मटकीची उसळ वाटीत घालून हातात ठेवली, कारण घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, आणि वाटीबरोबर सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हेही देऊन टाकलं. चार नंबरला तेच. आठ नंबरला तर एक दिलं आणि तीन मिळाले. संध्याकाळी आत्या परतली ती पाच वाट्या आणि सकाळपेक्षा चार गाठी जास्त घेऊन.

दुसऱ्या दिवशी तिने पद्धत बदलली. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती निघाली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं. वहिनी म्हणाली, "आत्या, निदान चहा तरी." आत्या म्हणाली, "आज चा न्हाय. चा घेतला का बसावा लागतं, बसलं का ऐकावा लागतं." चाचा वेगळ्याच अडचणीत सापडले.

"आत्या, ये तो आपने ही रखा था।"

"हां, रखा था. अब वापस लो. मेरा डोका फुल हो गया."

"मगर इसमें करना क्या है? आपने कुछ तो सोचा होगा चार साल में?"

"बीबी को पूछो. उसका भी तो घर हाय."

हे चाचांना चार वर्षांत सुचलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते फोनच्या दुकानात अर्धा तास उभे दिसले.

मी मात्र पुस्तकात तोंड खुपसून बसलो होतो. वाटलं, माझी गाठ लहान आहे, राहून जाईल. पाडव्याच्या आदल्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुजं राह्यलं."

"आत्या, तू कुणाला सांगणार नाही म्हणाली होतीस."

"मी न्हायच सांगत. तू सांगशील. बापाला."

"महिन्यावर परीक्षा आहे. ती होऊ दे. मग सांगतो, शपथ."

"तुजी एक शपथ हाय ना माज्याकडं. दुसरी ठेवायला जागा न्हाय." मग ती जिन्याच्या पायरीवर टेकली आणि जमेल तितक्या हळू म्हणाली, "आरं पोरा, डोला मिटला का तुजा कागूदच दिसतो मना. मना वाचता येत न्हाय, तरी दिसतो. मना निजायचं हाय रं."

हे निदान तीन खोल्यांना ऐकू गेलं असावं. मला त्याची लाज वाटली नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटली.

संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले. भुवयांवर कापूस बसला होता. त्यांनी तोंड धुवायच्या आत मी सांगून टाकलं, कारण तोंड धुतल्यावर माझं धैर्य राहिलं नसतं.

"किती विषय?" बाबांनी विचारलं.

"दोन."

"एकूण किती व्हते?"

"सात."

"मंग पाच सुटले ना? पुन्ना बसता येतं?"

"येतं. महिन्याने आहे."

"मंग बस." एवढं बोलून ते मोरीकडे वळले, आणि अचानक थांबले. "कोना कोनाला म्हायती हाय?"

"आत्याला. पहिल्यापासून."

तेव्हा मात्र बाबांचा चेहरा बदलला. "नापास झालास त्याचं मना काय न्हाय. मी चौथीत झालो व्हतो. पन आपला बोजा त्या बाईच्या डोसक्यावर ठिवून तू दहा म्हयने मोकला फिरलास? तिला चक्कर आली, तवा पन गप?"

पाडवा झाला. चौथ्या-पाचव्या दुपारी आत्याच्या खोलीतून काहीच आवाज येईना. नळ गळत होता, त्यावरही नाही. आठ नंबरच्या काकू काळजीने दारावर थाप मारू लागल्या, मग वहिनी, मग चाचा, "आत्या! ओ आत्या!" आम्ही दार ढकलणार एवढ्यात ते उघडलं आणि विस्कटलेल्या केसांची आत्या कडाडली, "मेले न्हाय गो, निजले व्हते! पयल्यांदा झोप लागली व्हती, ती पन मोडली!" त्या दिवशी चाळ खऱ्या अर्थाने वरमली. तेव्हापासून दोन ते चार पोरं पलीकडच्या टोकाला खेळू लागली आणि चार नंबरवाले दुधापाशी स्वतः उभे राहू लागले. लोक आपापलं लक्षात ठेवू लागले. वाईट ठेवत, पण ठेवत. आत्याचा पदर पुन्हा पुरेसा लांब झाला. ती जरा जाडही झाली.

मी परीक्षा दिली. आता संध्याकाळी गॅलरीच्या त्या टोकावरून काही विचारणा होत नसे. आत्या माझ्याकडे बघून हसे आणि आपल्या कामाला लागे. अभ्यास माझा मलाच करावा लागला. बारा खोल्यांत एवढी माणसं असून आपल्या काळजीत आपण एकटेच आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. चांगलंच होतं ते. तरी मी त्या टोकाकडे बघत राही.

निकाल लागायचा त्या दिवशी कॉलेजात जायचा मला धीर होईना. बाबा ड्युटीवर, आई कारखान्यात. बाहेर कडक ऊन, वीज गेलेली, लूम बंद. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो. आत्याचं दार वाऱ्यासाठी अर्धवट उघडं होतं. ती कुशीवर झोपली होती, एक हात उशाला, तोंड किंचित उघडं. माझा निकाल आज आहे हे तिला माहीत होतं. सकाळी मीच सांगितलं होतं. तरी तिला गाढ झोप लागली होती. खरं सांगतो, मला क्षणभर वाईट वाटलं. मग वाटलं, हिने माझं मला खरोखरच देऊन टाकलंय.

तेवढ्यात माझा मित्र सायकल टाकून जिना चढत आला. कॉलेजातला फळा बघून तो थेट आला होता. मला पाहताच त्याने ओरडायला तोंड उघडलं. मी अनवाणी धावलो आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो चक्रावला. मी दाराकडे बोट केलं. त्याने दम खाल्ला, माझा हात बाजूला केला आणि अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सुटले. दोन्ही."

चार वाजायला अजून पाऊण तास होता.