गाणं केमालचं की यानिसचं?

केमाल गेला. आणि त्याचं भांडण अर्धवट राहिलं.

वयाने माझ्या बाबांएवढा. पण 'अंकल' म्हटलं की भडकायचा, म्हणून इथेही अरेतुरेच करतेय.

लंडनमध्ये ईलिंगला आमच्या घराजवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये दर शनिवारी केमाल आणि यानिस वाजवायला बसायचे. केमाल टर्किश, त्याच्याकडे साझ. यानिस ग्रीक, त्याच्याकडे बुझुकी. दोन्ही लांब मानेची तंतुवाद्यं. लांबून पाहिली तर मला अजूनही फरक कळत नाही. (हे प्लीज यानिसला सांगू नका.)

मंडळाच्या गणपतीत मी ढोलकी वाजवते हे कळलं आणि त्यांनी मला त्यात ओढलं.

त्यांचं लाडकं गाणं नऊ मात्रांचं. माझा हात लहानपणापासून आठ मात्रांच्या केरव्यात बसलेला. दर वेळी मी एक मात्रा आधीच समेवर हजर!

"वेट!" दोघं एकदम ओरडायचे.

त्यांचं एकमत झालेलं मी फक्त तेव्हाच पाहिलं. बाकी सगळा वेळ भांडण.

केमाल म्हणायचा, "हे गाणं आमचं. तुम्ही ढापलंत."

यानिस म्हणायचा, "आम्ही? तुम्ही तर आमची कॉफीसुद्धा सोडली नाहीत!"

मी एकदा मध्ये पडले. "अरे, दोघांचं असेल ना." दोघांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने ढोलकीची दोरी आवळत बसले.

मग एकदा चहा पिताना सगळं बाहेर आलं.

केमालची आजी ग्रीसच्या क्रीट बेटावरची. मुसलमान, पण बोलायची फक्त ग्रीक.

यानिसची आजी आत्ताच्या टर्कीतली. ख्रिश्चन, आणि तिला टर्किशशिवाय काही येत नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही देशांनी धर्म बघून माणसांची अदलाबदल केली. केमालची आजी टर्कीत, यानिसची ग्रीसमध्ये. भाषा कोणती बोलता, हे कुणी विचारलं नाही.

म्हणजे केमाल आजीकडून हे गाणं ग्रीकमध्ये शिकला. आणि यानिस टर्किशमध्ये.

आणि भांडतायत बरोब्बर उलटे!

"मग गाणं नक्की कुणाचं?" मी विचारलं.

"आमचं," दोघं म्हणाले.

माझं डोकंच चालेना. खरं सांगते, अजूनही चालत नाही.

मागच्या आठवड्यात केमाल गेला. दफन लगेच झालं, तिथे गाणंबिणं नव्हतं. त्याची मुलगी सेल्मा म्हणाली, शनिवारी हॉलमध्ये जमू, डॅडचं गाणं यानिसने म्हणावं.

यानिस चक्क नाही म्हणाला.

मी फोन केला तर माझ्यावरच उखडला. "ग्रीकमध्ये गायलो तर मेलेल्या माणसाच्या घरात चोरी केल्यासारखं होईल. टर्किशमध्ये गायलो तर तो जिंकला! आणि जिंकल्याची मजा घ्यायला तो आहे कुठे?"

मला हसू आलं आणि रडूही. जिवलग मित्राला निरोप द्यायचा, तर गाणं कुठल्या भाषेत म्हणायचं यावर सगळं अडलेलं. "तू ये तरी," एवढंच म्हणाले.

आज तो आला. बसला, सुरुवातीच्या ओळी वाजवल्या आणि थांबला. इथेच केमाल नेहमी काहीतरी टोचून बोलायचा.

आता हा उठून जातो, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून सेल्मा बोलली. इथेच जन्मलेली, या गाण्यांना आयुष्यभर कंटाळलेली सेल्मा.

"ते आमचं आहे, यानिस. यू लॉट पिंच्ड इट. ढापलंत तुम्ही."

यानिस लालबुंद झाला.

"रबिश!" तो ओरडला. "ग्रीक आहे! हंड्रेड पर्सेंट ग्रीक!"

आणि डोळे पुसत पुसत त्याने अख्खं गाणं म्हटलं.

टर्किशमध्ये.

केमाल, मला अजून काहीच कळलेलं नाही. पण तुझी फार आठवण येतेय रे.

जा सुखाने. तुला आमच्या सगळ्यांचा मनापासून निरोप.