पान अकरा

कारखान्यात तिला सगळे कुंपणबाई म्हणायचे. नाव साहेबांनी ठेवलेलं, चेष्टेनं.

तिथे औषध थेंब थेंब देणारा पंप बनायचा आणि तो चालवणारा प्रोग्रॅम तिचा होता. पंपातला प्रोसेसर अगदी लहान. मोठ्या संगणकात प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं बंद घर मिळतं. इथे सगळे एकाच उघड्या मैदानात. पंप चालवणारा भाग, पडदा रंगवणारा भाग, धोक्याची घंटा, सगळ्यांची मेमरी शेजारी शेजारी. चिप एवढंच करायची: आठ तुकड्यांना कुंपण घालू द्यायची, आणि कुणी हद्दीबाहेर लिहायला गेलं की काम जागच्या जागी थांबवायची. तुकडेही हवे तसे पडत नसत. सोळा किलोबाइटचे, नाहीतर एकदम बत्तीसचे.

पडद्याचा भाग साहेबांनी स्वतः लिहिलेला. त्याला सोळापेक्षा जरासं जास्त लागायचं आणि बत्तीसची जागा नव्हती. त्यामुळे कुंपण चालू असलं की पंप तासाभरात थांबे. तिने सांगितलं, तुमचा पडदा हद्द ओलांडतोय. साहेब म्हणाले, तुमचं कुंपणच किडकं आहे. आणि त्यांनी ते बंद करून टाकलं.

तीन आठवड्यांनी चाचणीच्या खोलीत त्या पंपाने सहा तासांचं औषध चार मिनिटांत ओतलं. नशीब, पुढे माणूस नव्हतं, काचेचं भांडं होतं. वेगाचा आकडा जिथे ठेवलेला, तिथेच पडद्याने आपला रंग फासला होता. अहवालात साहेबांनी लिहिलं: पंपाच्या प्रोग्रॅममधली चूक. म्हणजे तिची. तिला जिन्याखालच्या टेबलावर माहितीपुस्तिका लिहायला बसवलं.

साहेबांची मुलगी तिच्या मुलीच्याच वर्गात. आठवड्याभरात लेकीने जेवताना विचारलं, "आई, तुझ्यामुळे माणसं मेली असती का गं?"

 ती रडली नाही, राजीनामाही दिला नाही. तिने डूख धरला.

परवाना देणाऱ्या तपासनीस बाईंची रीत तिला ठाऊक होती. त्या कुणाचं ऐकून घेत नसत. पुस्तिका उघडून त्यात लिहिलंय तसंच, पायरीपायरीने यंत्र चालवत. साहेबांची रीतही तिला ठाऊक होती. पुस्तिका न वाचता ते पानापानावर सही ठोकत. अकराव्या पानावर तिने चाचणीची पहिली पायरी लिहिली, त्याच कुंपणाची: मेमरीचं संरक्षण चालू करावं आणि पंप चार तास चालवावा. वर चिठ्ठी लावली, 'पान अकरा कृपया बघावे.' सही होऊन आलं. तिने पुन्हा पाठवलं, मग तिसऱ्यांदा. तिन्ही चिठ्ठ्या होत्या तशा परत आल्या. त्या तिने जपून ठेवल्या.

तपासणीच्या दिवशी पन्नासाव्या मिनिटाला पंप थांबला. पडद्यावर अक्षरं आली, तिनेच कधीकाळी लिहून ठेवलेली: 'पडद्याचा भाग. हद्दीबाहेर लेखन.' तपासनीस बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, हा भाग कुणी लिहिला?  सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला गेले. दाराशी उभं राहून तिने ते डोळे एकेक करून मोजले. फार बरं वाटलं.

दुपारी साहेब जिन्याखाली आले. वाकताना डोकं आपटलं.

"बाई, आधी सांगायचं होतं."

तिने तीन चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. त्यांनी त्या पाहिल्या, मग आवाज उतरवून म्हणाले, पडदा दुरुस्त करू, तुमची जागा तुम्हाला परत देतो, जुनं उकरून काढायला नको.

"जुनंच आधी," ती म्हणाली. "तो अहवाल परत लिहा. तुमच्या हाताने, इथे बसून."

ते तिच्या स्टुलावर बसले. चूक कुणाची, ते एका वाक्यात लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली. तिने घाई केली नाही. कागद पुढे आला तसा तिने तो वाचला आणि पुन्हा त्यांच्यासमोर सरकवला.

"आता सही," ती म्हणाली. "या वेळी वाचून करा."