एकच अ‍ॅलर्जी

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत. नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं, ती चिडेल. ती म्हणाली, "बरं झालं. खडे तुमचेच निघतात."

तिचं काम सांगायला सोपं आणि डोकं पिकवणारं. रुग्णाची माहिती मागितली की सर्व्हर तेच उत्तर दोन साच्यांत देई: हॉस्पिटलच्या जुन्या कॉम्प्युटरला एक्सएमएल, डॉक्टरांच्या फोनला जेसन. दोन्ही उत्तरं शेजारी मांडायची आणि ती एकच बोलतात का, ते पाहायचं.

त्या दिवशी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बाहेर जायची होती आणि तिच्या होकारावाचून अडली होती. तपासणीसाठी बनवलेले रुग्ण म्हणजे प्रोग्रॅमरच्या कल्पनेतली माणसं. एकेकाला चार-चार औषधांची अ‍ॅलर्जी. "अशी माणसं जगतात तरी कशी?" असं पुटपुटत तिने एक साधा रुग्ण भरला, सासूबाईंसारखा. त्यांना एकाच इंजेक्शनची अ‍ॅलर्जी होती. एकदा चुकून दिलं गेलं तेव्हा घसा सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली होती.

एक्सएमएलमध्ये ते इंजेक्शन नीट आलं. फोनवर उमटलं, 'अ‍ॅलर्जी नाही'.

तिने पुन्हा करून पाहिलं. तेच. ती लॅपटॉप उचलून प्रोग्रॅमरच्या टेबलाशी गेली.

"ताई, दोनशे आलं ना?" तो मान वर न करता म्हणाला. उत्तर सुखरूप पोचलं की सर्व्हर दोनशे हा आकडा देतो, आणि त्या आकड्यावर याची अढळ श्रद्धा.

"डबा पोचला रे. आत जेवण आहे का, ते कोण बघणार?"

कुरकुरत त्याने उघडून पाहिलं. अ‍ॅलर्जी चार असल्या की जेसनमध्ये त्यांची यादी जात होती. एकच असली की यादी बनतच नव्हती, नुसतं सुटं नाव जात होतं. फोन यादी शोधी, आणि सापडली नाही की 'नाही' म्हणून मोकळा होई.

"एकच तर आहे, ताई. पुढच्या आवृत्तीत करू."

"मरायला एकच पुरते."

साहेब आले. "एवढ्यासाठी थांबायचं? दर वेळी तुमचं काहीतरी निघतंच."

तिच्या मस्तकाची शीर उठली. "माझं नाही निघत, सर, तुमचं निघतं. मी होकार देणार नाही. तुम्हीच द्या, स्वतःच्या नावाने."

साहेबांनी छताकडे पाहिलं. स्वतःच्या नावाचा विषय निघताच त्यांची घाई कुठल्या कुठे गेली.

संध्याकाळी प्रोग्रॅमर ओरडला, "झालं! बघा तुमच्या सासूबाई!"

खरंच, फोनवर इंजेक्शनचं नाव आलं होतं. तिला हायसं वाटलं. मग सवयीने तिने एक रुग्ण स्वतःसारखा भरला, कशाचीच अ‍ॅलर्जी नसलेला. फोनवर आलं, 'सावधान! अ‍ॅलर्जी:' आणि पुढे कोरी जागा.

"इकडे ये."

"आता काय?"

"मला अ‍ॅलर्जी आहे म्हणे. कशाची, ते लिहिलेलं नाही."

"माझीच असेल, ताई."

ती हसली नाही. तिने पुन्हा घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "आई, मला उशीर होईल."

"अजून तेच चाललंय का गं?"

"नाही. ते मिटलं. आता दुसरं."